वाढदिवसाचा तक्ता

चि. प्राजक्ता हिस आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

जिल्हा परिषदेच्या शाळेत परिपाठापासून पोषण आहाराच्या पंगतीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा फोटो केंद्रप्रमुखांच्या गटावर पडल्याखेरीज ती गोष्ट झाली असे हल्ली मानले जात नाही, आणि तोच फोटो पुढे पालकांच्या गटावर व तेथून कोणाच्या तरी स्टेटसवर जाण्यास फारसा वेळ लागत नाही. धाकट्या वहिनींकडून कळलेली हकिकत खरी असेल, तर शेजारच्या केंद्रातील एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोतून सातवीतील एका मुलीचा चेहरा उचलून तो भलत्याच देहावर बसवण्यात आला आणि ते चित्र गावभर फिरले. वहिनींनी त्याच ओघात, कौतुकाने, असेही सांगितले की प्राजक्ता शिकवते त्या वर्गाच्या गटावर दर महिन्याला वाढदिवसाचा सुरेख तक्ता येतो, त्यात प्रत्येक मुलामुलीचा फोटो, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि वस्तीचे नाव असते. पहिल्या बातमीने आत्याची झोप उडाली नव्हती, दुसरीने उडाली.

अनोळखी माणसाला मुलाशी ओळख काढण्यासाठी जे जे लागते ते सगळे या एका तक्त्यात आयते मिळते. अल्पवयीन मुलाशी हळूहळू मैत्री जोडून, कौतुक करून, गुपिते राखायला शिकवून अखेर त्याच्याकडून खासगी छायाचित्रे वा भेट मिळवण्याच्या पद्धतीला ‘ग्रूमिंग’ म्हणतात, आणि तिची सुरुवात ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ इतक्या निरुपद्रवी वाक्याने होऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या गटात प्रत्येक सभासदाला इतर सर्वांचे क्रमांक दिसतात. त्यातला ‘आईचा क्रमांक’ संध्याकाळी मुलीच्या हाती असतो आणि ‘बाबांचा क्रमांक’ दुपारभर चुलतभावाच्या. शिवाय आलेला फोटो अनेक फोनांच्या गॅलरीत आपोआप उतरतो, त्यामुळे गटातून तो पुसला तरी सगळीकडून पुसला जाईलच असे नाही. अध्यापक विद्यालयात पहिली आलेल्या मुलीच्या हे ध्यानात येऊ नये, याचे नवल वाटते. रागही येतो, आणि तो लपवण्याचे कारण नाही.

वरून फोटो मागितले जातात, हे प्राजक्ताचे उत्तर आत्याला न विचारताच ऐकू येते. ते खरेही आहे. विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून हजेरी नोंदवण्याचा आदेश याच राज्यात 2016 साली निघाला होता आणि शिक्षकांच्या विरोधामुळे तो बारगळला, म्हणजे एकत्र बोलले तर ऐकले जाते, एवढे तरी त्यातून दिसते. पण वाढदिवसाचा तक्ता कोणी मागितला होता? उपक्रमाचा पुरावा द्यायचाच असेल तर मुलांचे हात, वह्या, रांगोळी, पाठमोरी रांग यांचा फोटो पुरेसा होतो. पालकांना सूचना पाठवायच्या तर ‘कम्युनिटी’ प्रकारातील घोषणा-गट वापरावा, कारण त्यात सभासदांचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत.

कायद्याचा भाग थोडक्यात. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012, ज्याला सगळे ‘पोक्सो’ म्हणतात, त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते. लैंगिक हेतूने मुलाशी डिजिटल साधनाने वारंवार संपर्क साधणे, किंवा त्याचे खरे वा बनावट चित्रण प्रसृत करण्याची धमकी देणे, हा कलम 11 खाली लैंगिक छळ आहे. कलम 19 प्रमाणे अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक असून, हाताखालच्या माणसाचा गुन्हा ‘शाळेची अब्रू’ म्हणून दाबून ठेवणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. असे चित्र हाती आल्यास पुरावा म्हणूनही ते मुख्याध्यापकांना पुढे पाठवू नये, कारण ते पाठवणे हाही माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम 67बखाली प्रसार ठरू शकतो. क्रमांक, खात्याचे नाव, दुवा व वेळ वहीत टिपून ठेवावी, संभाषण पुसू नये, आणि 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर व केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार द्यावी. ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य सेवाही आहे: तीत चित्र कोठेही न पाठवता आपल्याच फोनवर त्याचा ‘हॅश’, म्हणजे त्या चित्राची ओळख पटवणारा अंकाक्षरांचा सांकेतिक ठसा, काढला जातो आणि सहभागी कंपन्या तो जुळवून चित्र हटवतात. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कूटबद्ध संभाषणात मात्र ती पोचत नाही, म्हणून पुन्हा त्याच तक्त्यापाशी यावे लागते.

कलमांहून अवघड भाग पुढचा आहे. मुलगी सांगायला आली तर पहिल्या पाच मिनिटांत तिला काय ऐकू येते यावर ती दुसऱ्यांदा सांगेल की नाही हे ठरते, आणि आपल्या घरांत पहिले वाक्य ‘तू त्याला नंबर दिलासच कशाला’ हेच असते. आपल्याच घरातल्या शकूच्या वेळी माजघरात काय झाले ते प्राजक्ताने आजीकडून ऐकले आहेच. तेव्हा मोबाइल नव्हते, चिठ्ठ्या होत्या; दोष चिठ्ठी लिहिणाऱ्याचा होता आणि शाळा शकूची सुटली. आत्या त्या वेळी एकोणीस वर्षांची, शिक्षिका होण्यासाठी शिकत असलेली, दाराच्या चौकटीला धरून उभी होती आणि तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. शकूने नंतर कधीही तक्रार केली नाही, उलट दर संक्रांतीला तिळगूळ पाठवला. तेव्हा बोलायचे राहून गेलेले वाक्य अजूनही मनात जसेच्या तसे आहे: तुझे काही चुकले नाही. प्राजक्ताच्या वर्गातील एखादी मुलगी रडत पुढ्यात आली, तर तेच वाक्य आधी उच्चारावे, आणि फोन काढून घेण्याची व शाळा बंद करण्याची भाषा पालकांनी सुरू केली तर त्यांच्या घरी जाऊन ओसरीवर बसावे. या कामी विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या सदस्य बायांना सोबत घ्यावे. समिती कागदावर असतेच, तिला बोलवावे लागते.

तक्ता आजच्या आज गटावरून काढावा, एवढेच मागणे. तो रात्री जागून, रंग निवडून, एकेका मुलासाठी वेगळी फुले घालून केलेला असतो, हे वहिनींनी दाखवलेल्या एका महिन्याच्या तक्त्यावरून दिसले. वर्गाच्या भिंतीवर तो लावावा, तेथे शोभेल. तक्त्यावरच्या चारोळीतले शब्द दादाच्या, म्हणजे प्राजक्ताच्या वडिलांच्या, वळणाचे वाटले. तो असता तर आत्यालाच रागावला असता की पोरीला इतके लांबलचक पत्र कशाला. एकटीने खोली घेऊन राहणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन माहिती भरत बसणाऱ्या या मुलीला जेवलीस का असे कोण विचारते, ही काळजी वेगळीच आहे आणि तिच्यावर कोणतेही कलम नाही. मेतकूट आणि लसणाची चटणी वहिनींच्या हाती पाठवली आहे. उत्तर लिहिले नाही तरी चालेल. रविवारी दुपारी फोन करावा, रागावण्याचा भाग वर संपला आहे.

आत्याचे आशीर्वाद.