कॅप्टनचा नकार मोकळा ठेव

न्यू जर्सी
सप्टेंबरचा दुसरा आठवडा

चि. सोनू,


ग्रिनिचच्या त्या वयस्कर जोडप्याचं सगळं कामकाज आता तू बघणार आहेस, आणि डिसेंबरात त्यांना पाम बीचच्या घरी पोचवायचं, एप्रिलमध्ये परत आणायचं, हेही तुझ्याकडेच आलंय, असं ताईकडून कळलं. माझं अर्धं आयुष्य चार्टर विमानांच्या शेड्युलिंगमध्ये गेलं. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत सांगून माझं समाधान होणार नाही. हे पत्र सावकाश वाच, आणि दरांचे कोट मागवायच्या आधी वाच.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. प्रवासाच्या दिवशी सकाळी कॅप्टनला "आज नको" असं वाटलं, तर ते त्याला निर्धास्तपणे म्हणता आलं पाहिजे. तू तारीख ठरवशील, विमान ठरवशील, मालकांच्या वतीने तिकडच्या जेवणाचं आमंत्रण स्वीकारशील, तेव्हा दर वेळी स्वतःला विचार, की यामुळे त्या माणसाला नाही म्हणणं जड जाईल का? दर, विमानांची नावं, विमानतळांचे बारकावे हे सगळं महिन्याभरात अंगवळणी पडेल. ही सवय मात्र पहिल्या प्रवासापासूनच लागायला हवी.

एवढं आग्रहाने का सांगते ते ऐक. २९ मार्च २००१ ला लॉस एंजेलिसहून कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला एक चार्टर गल्फस्ट्रीम निघालं. प्रवासी उशिरा आले, म्हणून ते ठरल्या वेळेपेक्षा चाळीसेक मिनिटं उशिरा उडालं. अ‍ॅस्पेनचा विमानतळ डोंगरांच्या मधोमध, आणि अंधार पडल्यावर तिथे उतरायला त्या विमानाला मनाई होती. वेळेत पोचलो नाही तर दुसरीकडे उतरावं लागेल, ही शक्यता ग्राहकाच्या कानावर आली तेव्हा तो संतापला, आणि त्याने आपल्या मदतनिसाकरवी चार्टर कंपनीला नाराजी कळवली. त्या संध्याकाळी बर्फ पडत होता, धावपट्टी नीट दिसत नव्हती, तरी विमान खाली आणलं गेलं. अठराच्या अठरा माणसं गेली. चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने वैमानिकांची चूक स्पष्ट नोंदवलीच, पण अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत ग्राहकाकडून आलेला दबावही नोंदवला. सोनू, ज्याच्या तोंडून तो निरोप गेला तो मदतनीस ज्या खुर्चीत होता, त्याच खुर्चीत आज तू बसली आहेस. असा निरोप तुझ्याकडून कधीही पुढे जाऊ देऊ नकोस. मालक रागावले तर तो राग तुझ्यापाशी थांबव. ऑपरेटरच्या फोनपर्यंत आणि कॉकपिटपर्यंत तो पोचता कामा नये.

आता तारखा. थँक्सगिव्हिंगपासून इकडची श्रीमंत म्हातारी माणसं फ्लोरिडाकडे सरकायला लागतात, आणि ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यात तर झुंबड उडते. चिपळूणला आपण गणपतीत बघतो ना, मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते आणि परत जाताना त्याच गाड्या मोकळ्या असतात, तसंच हे. २० डिसेंबरच्या सुमाराला विमान तुझ्या माणसांना सोडून रिकामंच उत्तरेला येतं, आणि त्या रिकाम्या फेरीचा खर्च कुठल्या ना कुठल्या रूपाने तुझ्याच बिलात येतो. नववर्षाची सुट्टी संपली की गर्दीची दिशा उलटते. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आसपास, हिवाळ्यापुरती दक्षिणेला गेलेली स्नोबर्ड मंडळी परतायला लागतात तेव्हाही उलटी. म्हणजे तुझे दोन्ही प्रवास गर्दीच्या दिशेनेच आहेत, चार महिन्यांच्या अंतराने. राउंड ट्रिपचा स्वस्त दर तुला मिळणार नाही, कारण तेवढे दिवस विमान तिथे कोणी उभं ठेवत नाही. दोन स्वतंत्र वन-वे घे आणि दोन्ही आत्ताच, सप्टेंबरात, धर. एम्प्टी लेगच्या, म्हणजे अशा रिकाम्या फेऱ्यांच्या, जाहिराती तुला दिसतील. त्या स्वस्त खऱ्याच असतात, पण मूळ ग्राहकाने बेत बदलला की ती फेरीही रद्द होते. औषधांच्या डब्यासह निघालेल्या ऐंशीच्या घरातल्या माणसांना मी त्यावर बसवणार नाही.

गर्दीच्या दिवसांना ऑपरेटर पीक डे म्हणतात. त्या दिवशी दर चढा असतो, रद्द केलं तर पैसे बहुधा परत मिळत नाहीत, आणि उड्डाणाची वेळ काही तास मागेपुढे करायचा हक्क ऑपरेटर स्वतःकडे ठेवतो. करारात हे बारीक अक्षरात असतं. मालकांना मोठ्याने वाचून दाखव. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पीक डे टाळणं. २४ तारखेला संध्याकाळी घरी मेजवानी असेल तर त्यांना १७ किंवा १८ लाच ने. मेजवानीच्या दिवशीच सकाळी नेलंस, तर पाहुणे, केटरर, नातवंडं, सगळे मिळून त्या कॅप्टनच्या पाठीवर बसतात. मधे पाच-सहा दिवस असले की बर्फाचं वादळ आलं तरी कोणाचा जीव वरखाली होत नाही. हे मोकळे दिवस मिळवणं, सोनू, हीच तुझ्या कामातली खरी कला आहे.

निघायची वेळ सकाळची ठेव, पण भल्या पहाटेची नको. वैमानिकांचा दिवस तुमच्या उड्डाणाबरोबर सुरू होत नाही. ते आधी दुसऱ्या राज्यातून रिकामं विमान घेऊन आलेले असू शकतात. चार्टरच्या नियमांत दोन वैमानिकांच्या जोडीला २४ तासांत साधारण १० तासांचं उड्डाण, कामाचा दिवस १४ तासांचा, आणि आधी १० तासांची विश्रांती. तुमच्या आधी त्यांची कुठली फेरी आहे, हे ऑपरेटरला सरळ विचार. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

ग्रिनिचहून व्हाइट प्लेन्सचा वेस्टचेस्टर विमानतळ जवळ, त्यामुळे तोच घे. तिथे मध्यरात्रीपासून सकाळी साडेसहापर्यंत न उडण्याची स्वेच्छेची पद्धत आहे, ती पाळ. तिथून पाम बीच सुमारे ९०० नॉटिकल मैल, अडीच ते तीन तास. हिवाळ्यात जाताना वारा बहुधा समोरून लागतो, येताना मागून, म्हणून येणं लवकर होतं. अंतर फार नाही, पण वाट दाटलेली असते. फ्लोरिडाकडे जाणारी वाहतूक जॅक्सनव्हिलच्या नियंत्रण केंद्रातून जाते, आणि सुट्ट्यांत किंवा खराब हवेत तिथे विमानांना ठरावीक मिनिटाला उडण्याची वेळ देतात. इंजिन तयार, माणसं बसलेली, आणि तासभर थांबायचं, असं होऊ शकतं. काही वेळा समुद्रावरून लांबचा मार्ग मोकळा असतो, पण किनाऱ्यापासून ५० नॉटिकल मैलांपलीकडे जायचं तर चार्टर विमानात लाइफ राफ्ट असावे लागतात. छोट्या जेटमध्ये ते नेहमी असतातच असं नाही. हा एक प्रश्न विचारून ठेवलास तर एखाद्या दिवशी दोन तास वाचतील.

पाम बीचची आणखी एक अडचण. राष्ट्राध्यक्ष आपल्या मार-अ-लागोच्या घरी आले की वेस्ट पाम बीचच्या विमानतळाभोवतीच्या आकाशावर कडक निर्बंध येतात: आतलं वर्तुळ १० नॉटिकल मैलांचं, बाहेरचं ३० चं. त्यांचा दौरा बऱ्याचदा थोडेच दिवस आधी कळतो. म्हणून दुसरा विमानतळ आधीच ठरव. बोका रॅटन किंवा फोर्ट लॉडरडेल एक्झिक्युटिव्ह चालेल. तिथून घरापर्यंत गाडीची सोयही आधीच सांगून ठेव. डिसेंबरच्या सुरुवातीला मायामीत आर्ट बाझल हे कलाप्रदर्शन भरतं, तेव्हा दक्षिण फ्लोरिडात विमान उभं करायला जागा मिळत नाही. त्या आठवड्याच्या वाटेला जाऊच नकोस.

ब्रोकर म्हणजे विमान चालवणारा नव्हे. तो गोड बोलेल, चकचकीत फोटो पाठवेल, पण उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याचं नाव तुला लेखी हवं. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१८ साली ब्रोकरांसाठी नियमच केला, की प्रत्यक्ष विमान कोण चालवणार हे ग्राहकाला सांगायचं. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या ऑपरेटरकडे पार्ट १३५ चं प्रमाणपत्र लागतं, आणि कोणतं विमान कोणाच्या प्रमाणपत्रावर आहे याची यादी अमेरिकेचं विमान वाहतूक खातं, एफएए, प्रसिद्ध करतं. टेल नंबर, म्हणजे विमानाचा नोंदणी क्रमांक, माग आणि त्या यादीत शोध. "मित्राचं विमान आहे, खर्च वाटून घेऊ" असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेव. आर्गस किंवा विव्हर्नचं सुरक्षिततेचं रेटिंग असेल तर चांगलंच, विम्याचं प्रमाणपत्रही माग, पण यादीत टेल नंबर सापडणं ही पहिली पायरी. आणि ऐनवेळी विमान बदललं, जे डिसेंबरात पुष्कळदा होतं, तर नव्या नंबरासाठी हे सगळं पुन्हा.

माझ्या घरापासून फार लांब नाही अशा टेटरबरो विमानतळावर २ फेब्रुवारी २००५ च्या सकाळी शिकागोला निघालेलं चॅलेंजर जमिनीवरून उठलंच नाही. वजनाचा तोल मर्यादेबाहेर पुढे गेला होता. कुंपण तोडून, रूट ४६ चा वाहता रस्ता ओलांडून ते एका गोदामात घुसलं. विमानातले सगळे वाचले, तरी माणसं गंभीर जखमी झाली. ते चार्टर विकणाऱ्या कंपनीकडे स्वतःचं प्रमाणपत्र नव्हतं. दुसऱ्याच्या प्रमाणपत्राच्या आडोशाने ती विमानं उडवत होती. पुढे तिच्या चालकांवर फौजदारी खटला होऊन त्यांना शिक्षा झाली. बाहेरून ते विमान इतरांइतकंच सुंदर दिसत होतं. आणि तोल वजनानेच बिघडतो, म्हणून सामानाचं खरं वजन कळव. गोल्फच्या दोन बॅगा, चार मोठ्या सुटकेसेस, कुत्र्याचा पिंजरा, सगळं. "थोडं सामान आहे" असं लिहू नकोस, काटा लावून आकडा लिही. माणसांची वजनंही खरी. बाईंना विचारायला संकोच वाटेल, तरी विचार.

विमान निवडताना आधी दोघांचे गुडघे बघ. सीजे३ सारख्या लहान जेटमध्ये छत जेमतेम १४५ सेंटिमीटरवर असतं. कंबर वाकवून आत शिरायचं, मागच्या टोकाला अरुंद स्वच्छतागृह. तीन तास तरुणांना ठीक आहे. सायटेशन एक्सएलएसमध्ये १७३ च्या आसपास, चॅलेंजर ३०० मध्ये १८३. साहेबांचं खुब्याचं ऑपरेशन झालंय असं ताई म्हणाली. मी असते तर चॅलेंजरच घेतलं असतं आणि जास्तीचे पैसे का, हे मालकांना समजावून सांगितलं असतं. पायऱ्या चढताना मदतीला माणूस हवा, हे एफबीओला, म्हणजे विमानतळावर खाजगी विमानांची सोय बघणाऱ्या कंपनीला, आदल्या दिवशी फोन करून सांग. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर त्याचं मॉडेल आधी कळव.

आता बर्फ. पंखावर बर्फाचा पातळसा थरही चालत नाही. २८ नोव्हेंबर २००४ ला कोलोरॅडोतल्या माँट्रोज इथे एक चार्टर चॅलेंजर बर्फ पडत असताना डी-आयसिंग न करता निघालं आणि उडताच कोसळलं. तीन जण गेले, त्यात १४ वर्षांचा मुलगा होता. वेस्टचेस्टरला वादळाच्या रात्री विमान गरम हँगरमध्ये ठेवायला सांग, आणि सकाळी फवारणीसाठी रांग असेल तर थांब. आधी नारिंगी गरम द्रव बर्फ काढतो, मग हिरवा दाट द्रव थोडा वेळ नवा बर्फ धरू देत नाही. तो वेळ उलटला की पुन्हा फवारणी. याचं बिल वेगळं येतं आणि ते हजारो डॉलरांत जाऊ शकतं. कोट मंजूर करून घेतानाच मालकांकडून या खर्चाला लेखी होकार घे, म्हणजे विमानतळावर उभं राहून पैशांवरून बोलायची वेळ येणार नाही. कोटमध्ये साडेसात टक्के फेडरल कर धरलाय का, तेही तेव्हाच बघ.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. त्यांचं कायमचं वास्तव्य फ्लोरिडात दाखवायचं असेल, तर ग्रिनिच ज्या राज्यात आहे त्या कनेटिकटमधले दिवस करासाठी मोजले जातात, आणि १८३ दिवसांचा आकडा त्यांच्या अकाउंटंटच्या तोंडी असणार. एप्रिलमध्ये "रात्री बारानंतरच उतरा, म्हणजे एक दिवस वाचेल" अशी विनंती येऊ शकते. ती तू ऑपरेटरला कळवू नकोस. दिवसांचा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच अकाउंटंटबरोबर बसून कर, आठवडाभराची फट ठेव, आणि प्रत्येक फेरीची तारीख-वेळ एका वहीत लिहून ठेव. थकलेल्या वैमानिकांनी अपरात्री उतरावं असं त्या एका दिवसात काहीही नाही.

या आठवड्यात तारखा मालकांकडून पक्क्या करून घे. मग तीन ऑपरेटरांकडून कोट मागव, ब्रोकरमार्फत आले तरी मागे ऑपरेटर कोण ते लिहून घे, आणि नावं व टेल नंबर मला पाठव. मी एफएएच्या यादीत बघून रविवारी तुला फोन करते.

तुझी,
मावशी