शेवंतीचे वर्ष

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात आसगाव नावाचे गाव आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा मुलूख धानाचा आणि तलावांचा म्हणून ओळखला जातो. धानाची कापणी आटोपली, बांध्यांतून लाखोरी हिरवी दिसू लागली आणि पहाटेच्या वेळी अंगावर घोंगडी ओढावीशी वाटू लागली, की अशा गावातील एखाद्या अंगणात शेवंती फुलते. पिवळी, पांढरी, जांभळट अशी तिची दाट फुले पाहून येणाऱ्याजाणाऱ्याची पावले क्षणभर थबकतात.

परंतु हे वैभव फार दिवस टिकत नाही. माघ सरतो, फुले सुकून तपकिरी होतात, पाने करपतात आणि देठ काटक्यांसारखे दिसू लागतात. “शेवंती मेली,” असे म्हणून कोणी तरी झाड उपटतो आणि उकिरड्यावर टाकतो. पुढल्या वर्षी पुन्हा नवे रोप विकत आणावे लागते. खरे पाहता ते झाड मेलेले नसते, विश्रांती घेत असते. मातीखाली त्याच्या मुळाशी नवे कोंब जागे होत असतात. मरण आणि विश्रांती यांतील भेद ज्याला ओळखता येतो, त्यालाच बागेची खरी विद्या साधली असे म्हणावे.

वनस्पतींच्या आयुष्याचे निरनिराळे प्रकार आहेत. धान किंवा झेंडू एका हंगामात उगवतो, फुलतो, बी देतो आणि संपतो. अशा वनस्पतींना वर्षायू म्हणतात. मोगरा, निशिगंध आणि शेवंती यांचे तसे नाही. त्या एकदा लावल्या की वर्षानुवर्षे जगू शकतात. म्हणून त्यांना बहुवर्षायू म्हणतात. निशिगंध आपला साठा जमिनीतील कंदात राखतो, तर शेवंतीची आशा तिच्या मुळाजवळील कोंबांत असते. या कोंबांना माळी ‘काश्या’ म्हणतात.

मात्र बहुवर्षायू वनस्पतीलाही सोसेल असे हवामान लागते. व्हायोला नावाचे एक चिमुकले फुलझाड पाहा. त्याची एक जात स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात मूळची वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील जेम्स ग्रीव्ह या माळ्याने तिचा इतर जातींशी संकर करून बागेतील ताटव्यांसाठी नवे वाण तयार केले. थंड देशांत हे झाड वर्षानुवर्षे जगते. माळी सुकलेली फुले वेळीच खुडतात, बहर ओसरला की झाड छाटतात आणि जुन्या गड्ड्याचे भाग करून नवी रोपे लावतात. तेच व्हायोला आपल्याकडे आणले, तर ऑक्टोबरात त्याचे बी पेरावे लागते. हिवाळाभर ते हसते आणि उन्हे तापू लागताच मान टाकते. थंड मुलखात जे बहुवर्षायू, ते विदर्भात एका हंगामाचे पाहुणे ठरते. याच कुळातील रतनपुरुष ही लहानशी वनस्पती मात्र आपल्या देशातील माळरानांवर आपोआप उगवते. तिच्या फुलाची एकच गुलाबी-जांभळी पाकळी मोठी असते. पाहुण्याला जे साधत नाही, ते घरच्याला सहज साधते. शेवंती ही या दोघींच्या मधली आहे. ती आपल्याकडे टिकते, पण तिला माणसाचा हात लागतो.

तो हात कसा असावा, हे आता महिन्यांच्या क्रमाने पाहू.

बहर संपला की शेवंतीचे देठ जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर ठेवून छाटावेत. सुकलेल्या फुलांवर आणि देठांवर झाडाची शक्ती वाया जात असते. छाटणी केल्यावर ती शक्ती मुळाकडील कोंबांना मिळते. थोड्याच दिवसांत जुन्या खोडाभोवती काश्या डोके वर काढतात.

यानंतर येतो तो परीक्षेचा काळ. एप्रिल आणि मे महिन्यांत या भागात पारा ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. गरम वारे वाहतात, विहिरींचे पाणी खोल जाते आणि माणसांनाच पाणी जपून वापरावे लागते. अशा वेळी झाडाला पाणी कोठून आणावे? त्याचे उत्तर थोड्या पाण्यात आहे. शेवंती कुंडीत असेल तर कुंडी आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या सावलीत हलवावी. जमिनीत असेल तर तिच्यावर लहानसा मांडव घालावा. बुंध्याभोवती तणसाचा थर पसरावा, म्हणजे मातीतील ओल लवकर उडून जात नाही. भाजी किंवा तांदूळ धुतलेले पाणी फेकून न देता सकाळी किंवा सायंकाळी झाडाला घालावे. माती ओलसर राहील इतकेच पाणी पुरे. या काळात झाड वाढत नाही, फुलत नाही. ते केवळ जगते. परंतु त्या जगण्यातच पुढचा सारा बहर साठवलेला असतो.

मृगाचा पाऊस झाला की काश्या मुळांसकट हलक्या हाताने वेगळ्या कराव्यात आणि सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. येथे मातीची पारख महत्त्वाची ठरते. भंडारा जिल्ह्यातील शेतकरी कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी आणि बर्डी अशा नावांनी जमिनी ओळखतात. मोरांडात पाणी मुरते आणि साचते. ते धानाला मानवते, पण शेवंतीची मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात. म्हणून भारी जमिनीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून वाफा थोडा उंच करावा. कुंडीसाठी माती, वाळू आणि शेणखत सारख्या प्रमाणात घ्यावे आणि तळाचे छिद्र खापरीच्या तुकड्याने झाकावे. जे पाणी वैशाखात अमृत होते, तेच श्रावणात विष ठरू शकते!

रोपे रुजून साधारण महिना झाला की त्यांचे शेंडे खुडावेत. उंच वाढणाऱ्या रोपाचा शेंडा तोडण्यास प्रथम हात धजत नाही. पण शेंडा गेला म्हणजे बगलेतील डोळे फुटतात, एका फांदीच्या ठिकाणी अनेक फांद्या येतात आणि झाड झुडपासारखे डेरेदार होते. पुढे फुलांच्या भाराने फांद्या वाकू नयेत म्हणून बांबूच्या कामट्यांचा आधार द्यावा. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसल्यास निंबोळीच्या अर्काची फवारणी करावी.

आता कोणी विचारील, “पाऊसभर हिरवीगार वाढणारी शेवंती फुलण्यासाठी थंडीच्या दिवसांची वाट का पाहते?” तिला पंचांग तर वाचता येत नाही. पण तिला रात्र मोजता येते. जूनच्या अखेरीस आपल्याकडे दिवस सुमारे साडेतेरा तासांचा असतो. डिसेंबरच्या अखेरीस तो अकरा तासांहून थोडा कमी होतो. रात्री लांबू लागल्या की शेवंतीची पाने तो बदल ओळखतात आणि कळ्या धरण्याची सूचना शेंड्यांना देतात. दिवसरात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखू व सोयाबीन यांच्या अभ्यासातून मांडला. म्हणूनच रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली शेवंती ठेवली, तर तिची रात्र मोडते आणि बहर लांबतो. माणसाप्रमाणे काही झाडांनाही अखंड काळोख हवा असतो.

ज्याला आपण शेवंतीचे एक फूल म्हणतो, ते वस्तुतः अनेक लहान फुलांचे संमेलन असते. कडेची फुले पाकळ्यांसारखी पसरतात आणि मधली नळीसारखी दाटीने बसतात. एका देठावर इतकी फुले एकोप्याने नांदतात. शेवंतीची ही शोभा अनेक देशांना मोहवून गेली आहे. चीनमध्ये तिची लागवड प्राचीन काळापासून होत आली, तर जपानच्या सम्राटघराण्याने तिला आपले चिन्ह मानले. आपल्या देशात लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने शेवंतीची अनेक नवी वाणे तयार केली आहेत.

एका जोमदार झाडापासून अनेक काश्या मिळतात. त्या सगळ्या आपल्या अंगणात मावत नाहीत. मग त्यातील काही शेजारी जातात, काही शाळेच्या बागेत जातात, तर एखादी सासरी निघालेल्या बहिणीबरोबर दुसऱ्या गावी पोचते. ज्याने उन्हाळ्यात एका वाळक्या खोडाला तांब्याभर पाणी घातले, त्याच्यामुळे पुढल्या थंडीत दहा अंगणे फुलतात. फुललेल्या झाडाचे कौतुक सारेच करतात. न फुललेल्या झाडाची निगा राखणारा मात्र विरळा असतो, आणि बाग त्याच्यामुळेच टिकते.

शब्दार्थ : वर्षायू – एका हंगामात जीवन पूर्ण करणारी वनस्पती. बहुवर्षायू – अनेक वर्षे जगणारी वनस्पती. ताटवा – फुलझाडांचा दाट समूह. तणस – धानाचा वाळलेला पेंढा. डेरेदार – चहूबाजूंनी पसरलेले. विरळा – क्वचित आढळणारा.

स्वाध्याय

१. शेवंती सुकल्यावर ती उपटून टाकणे चूक का आहे?
२. थंड देशांतील व्हायोला आणि विदर्भातील व्हायोला यांच्या आयुष्यात कोणता फरक पडतो? का?
३. कारणे द्या : (अ) रोपांचे शेंडे खुडतात. (आ) मोरांड जमिनीत वाफा उंच करतात. (इ) रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळ शेवंती उशिरा फुलते.
४. ‘मान टाकणे’, ‘हात न धजणे’, ‘डोके वर काढणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या परिसरातील पाच वर्षायू आणि पाच बहुवर्षायू वनस्पतींची यादी करा. त्यांपैकी एकीची उन्हाळ्यात निगा कशी राखाल, ते दहा ओळींत लिहा.