कापडाच्या गावात मोजकं नेसताना

सुरत म्हणजे कापड. रिंग रोडवरच्या मार्केटांतून साड्या देशभर जातात. त्यातल्या कितीतरी आधी उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या आम्हा खानदेशी बायकांच्या हातांखालून गेलेल्या असतात. कुणी लेस लावतं, कुणी टिकल्या चिकटवतं, कुणी धागे कापतं. इतकं कापड रोज समोर असताना मोजकं नेसायचं आणि मोजक्यात राहायचं, तर मन घट्ट करावं लागतं. अनुभवातून हाती आलेल्या या सात गोष्टी.

१. स्वस्ताई हे घ्यायचं कारण नव्हे. साडी दोनशेला मिळते. मग फॉल-पिको, परकर, ब्लाउजचं कापड आणि शिलाई. वरचा खर्च साडीच्या पुढे जातो. साडी हातात घेतली की मी स्वतःला विचारते, ही नेसून कुठे जाणार? उत्तर पटकन आलं नाही, तर घडी परत.

२. कापड हवा बघून निवडावं. इथल्या दमट उन्हाळ्यात पॉलिस्टर घाम टिपत नाही. रोजच्याला सुतीच बरं. पावसाळ्यात मात्र पॉलिस्टर लवकर वाळतं. ते खनिज तेलापासून बनतं आणि मातीत लवकर कुजत नाही. म्हणून घरात आहे ते विरेपर्यंत वापरायचं.

३. ब्लाउज आधी, साडी नंतर. काळा, मरून आणि सोनेरी असे तीन नीट बेतलेले ब्लाउज असले, तर बहुतेक साड्या निघतात. सकाळचा शोधाशोधीचा वेळ वाचतो.

४. आहेराची साडी फिरवत ठेवू नये. एका लग्नात आलेली साडी ट्रंकेत पडते आणि दुसऱ्या लग्नात जाते. नेसत कुणीच नाही. मी जावेला सरळ म्हटलं, "वहिनी, साडी नको, दोन दिवस आधी या नि हाताशी राहा." त्या आल्या. मानपान कुठे कमी झाला नाही.

५. बोहारणीला कपडे दिले म्हणजे पसारा गेला, असं नाही. कपाट रिकामं होतं, पण माळ्यावर पातेली वाढतात. खरोखर लागणारं भांडं असेल तरच सौदा करावा. नाहीतर धडके कपडे गरज असणाऱ्याला धुऊन, इस्त्री करून द्यावेत.

६. ऑगस्ट २००६चा पूर आठवावा. उकाई धरणातून पाणी सुटलं, तापी शहरात शिरली. तेव्हा लोकांनी वर नेलं ते कागदपत्रं, धान्य, औषधं, स्टोव्ह. ज्या घरात सामान बेताचं, तिथला चिखलही लवकर निघाला. कागदपत्रांची पिशवी आजही माझ्या दाराजवळच्या खुंटीला असते.

७. मर्यादा आपण आखावी, दुसऱ्यावर लादू नये. या शहरात संसार सोडायला निघालेले जैन दीक्षार्थी वर्षीदानाच्या मिरवणुकीत वस्तू वाटत जाताना दिसतात. पण त्याच धर्मात संसारी माणसासाठी परिग्रह-परिमाण हे व्रत आहे: किती बाळगायचं, त्याची हद्द स्वतःच ठरवायची. मला तेच जवळचं वाटतं. ज्या बाईकडे दोनच साड्या आहेत, तिला साधेपणाचे धडे देऊ नयेत. तिला तिसरी मिळायला हवी.

यंदा दिवाळीच्या खरेदीला निघण्याआधी कपाट उघडा आणि वर्षभरात न नेसलेल्या साड्या पलंगावर काढा. त्यातली एक त्याच दिवशी नेसा, आणि मगच बाजाराचं ठरवा.