बाटलीवर फक्त नंबर असतो

नागपुरात कुणी माझ्या नोकरीबद्दल विचारलं आणि मी खरं सांगितलं, की समोरचा हमखास म्हणतो, "बाप्पा! घोड्याची लघवी? काऊन जी?" आपल्याकडे शर्यतींचा क्लब नाही, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. महाराष्ट्रातल्या मोठ्या शर्यती हिवाळ्यात मुंबईला महालक्ष्मीवर आणि पावसाळ्यात पुण्याला. पण रसायनशास्त्र शिकायला रेसकोर्स लागत नाही. मी ते नागपुरातच शिकले आणि पुढची सगळी नोकरी याच नमुन्यांवर काढली. आता एमएस्सी झालेली मुलं 'मॅडम, मास स्पेक शिकवा' म्हणून येतात. त्यांना मी आधी हे सांगते.

१. यंत्राच्या कितीतरी आधी मोतद्दार येतो

शर्यत संपली की जिंकलेल्या घोड्याला, आणि पंच सांगतील त्या आणखी एखाद्याला, नमुन्याच्या खोलीत नेतात. खाली पेंढा पसरलेला असतो. मोतद्दार हळू शीळ घालत उभा राहतो. घोड्यांना शिळेवर लघवी करायची सवय लावलेली असते आणि तो आवाज त्यांना बरोबर कळतो. लांब दांड्याच्या भांड्यात लघवी धरायची, दोन बाटल्यांत वाटायची, सगळ्यांसमोर सील करायची. दुसरी बाटली पहिलीच्या निकालावर हरकत आली तर उघडायची. घोडा अडूनच बसला तर रक्त घ्यायचं. प्रयोगशाळेत पोचते ती फक्त नंबर असलेली बाटली. घोड्याचं नाव, मालक, ट्रेनर काही कळत नाही, कळूही नये. सील सैल निघालं तर पुढचं कोट्यवधींचं यंत्र फुकट.

२. घोड्याची लघवी गाळायला बसा, मग गर्व उतरेल

माणसाची लघवी पाण्यासारखी असते. घोड्याची गढूळ, आणि कधी कधी चक्क तार सुटते. त्याच्या मूत्रपिंडातच श्लेष्मा तयार होतो आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे. आधी सेंट्रिफ्यूज, नाहीतर कॉलम तुंबलाच. त्यात हिप्प्युरिक आम्ल भरपूर; १८२९ मध्ये लीबिगने या आम्लाला नाव दिलं ते घोड्याच्या लघवीमुळेच. आम्लधर्मी औषधं वेगळी काढायला गेलं की हे महाशय आधी हजर. शिवाय ही लघवी सहसा अल्कधर्मी असते, त्यामुळे फेनिलब्युटाझोनसारखी आम्लधर्मी औषधं तिच्यात जास्त उतरतात. नमुना उन्हात राहिला तर जिवाणू त्यातली संयुगं बदलून टाकतात. आपल्या मे महिन्यात तर बघायलाच नको. बर्फाचा डबा हाही उपकरणांच्या यादीत धरावा.

३. औषध वेष बदलून बाहेर पडतं

यकृत बहुतेक औषधांना ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून पाण्यात विरघळणारं करतं. मूळ औषध शोधायचं तर ही जोडणी आधी तोडावी लागते. त्यासाठी ई. कोलाय जिवाणूचं किंवा गोगलगायीच्या पचनरसातलं विकर वापरतात. गोगलगायीच्या रसात सल्फेट तोडणारं विकरही असतं, म्हणून तो उपयोगी. नमुना कोमट ठेवून काही तास थांबायचं. घाई चालत नाही.

मग घन-स्थितीतल्या कॉलमवरून नमुना सोडून आम्लधर्मी, उदासीन आणि अल्कधर्मी पदार्थ वेगवेगळे धुऊन घ्यायचे. जुन्या काळी यानंतर पातळ थराच्या काचपट्ट्यांवर डाग बघायचे, पुढे एलायझा आलं. आता स्टेरॉइडं जीसी-एमएसवर, आधी सिलिल गट चढवून, म्हणजे ती उष्णतेत उडतील. बाकीची बरीचशी एलसी-एमएस/एमएसवर. यातलं 'एमएस' म्हणजेच मास स्पेक; ते यंत्र रेणू फोडतं आणि तुकड्यांचं वजन घेतं. तुकडे जुळले म्हणून झालं असं नाही. त्याच दिवशी चालवलेल्या खऱ्या प्रमाण-नमुन्याशी कॉलममधून बाहेर पडायची वेळही जुळायला हवी आणि तुकड्यांचं आपसातलं प्रमाणही. आणि आधी चालवलेला कोरा नमुना कोराच दिसला पाहिजे. आलेखावरचा उंच सुळका बघून टाळ्या वाजवणाऱ्या मुलांना मी नेहमी विचारते, "कोरा दाखव आधी."

४. सापडलं म्हणजे दिलं, असं नाही

माझ्या मते या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग हा आहे. यंत्रं आता मिलिलिटरमध्ये नॅनोग्रॅमच्याही खाली जातात आणि तिथे सगळं जगच सापडू लागतं. २०१४ च्या अ‍ॅस्कॉट गोल्ड कपमध्ये इंग्लंडच्या राणीची 'एस्टिमेट' ही घोडी दुसरी आली. नमुन्यात मॉर्फीन निघालं, दूषित खाद्यातून आलेलं. तरी दुसरा क्रमांक गेलाच. २०२० मध्ये खाद्यातच झिलपॅटेरॉल निघालं आणि एडन ओब्रायन या नामांकित ट्रेनरला पॅरिसच्या 'आर्क' या शर्यतीतून घोडे मागे घ्यावे लागले.

आपल्याकडे गवतात धोतरा आला की अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामीन आलं. संत्र्याच्या सालीत सिनेफ्रिन असतं. उद्या कुणी नागपूरकर लाडाने घोड्याला साली चारील तर प्रयोगशाळेला घाम फुटेल! लसूणघासातून सॅलिसिलेट येतं, म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मर्यादाच ठरवून दिली आहे, मिलिलिटरमागे ७५० मायक्रोग्रॅम. कोकोची टरफलं खाद्यात मिसळली जातात म्हणून थिओब्रोमिनला २. तरुणांना अशा मर्यादा म्हणजे पळवाट वाटते. मला त्या घोड्याच्या रोजच्या जेवणाचा हिशोब वाटतात.

५. नाव नको, पण लिंग सांगा

टेस्टोस्टेरॉनची मर्यादा खच्ची घोड्याला २० नॅनोग्रॅम, घोडीला ५५. अखंड घोड्याला लघवीत ती मर्यादाच नाही, आणि नॅन्ड्रोलोन तर त्याच्या अंगात निसर्गतःच तयार होतं. म्हणून बाटलीबरोबर एवढी एक माहिती यायलाच हवी.

६. लघवीत सगळं नसतं

शर्यतीआधी नळीने पोटात खाण्याचा सोडा घातला की स्नायू उशिरा थकतात असं मानतात. तो लघवीत शोधून उपयोग नाही. रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड मोजतात, मर्यादा ३६ मिलिमोल. महिन्यांपूर्वीचं काही शोधायचं तर आयाळीचे केस.

७. अहवाल आपला, निकाल दुसऱ्यांचा

१९६८ ची केंटकी डर्बी 'डान्सर्स इमेज'ने जिंकली आणि लघवीत फेनिलब्युटाझोन निघाल्यावर पहिला क्रमांक 'फॉरवर्ड पास'ला गेला. तेव्हाची तपासणी रंग बदलणाऱ्या चाचण्यांवर होती आणि भांडण वर्षानुवर्षं चाललं. केमिस्टला सगळ्यांनी उभं-आडवं विचारलं. म्हणून आपण लिहायचं ते एवढंच: अमुक पदार्थ आहे, अमुक पद्धतीने दिसला. कुणी दिला, का दिला, हे पंच बघतील. हा वाक्याचा संयम मुलांना शिकवायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागतो.

८. शंकरपटाचं काय?

१८ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलांच्या शर्यतींना, म्हणजे आमच्या शंकरपटाला, परवानगी देणारा महाराष्ट्राचा कायदा मान्य केल्यापासून विदर्भात हा प्रश्न मला घोड्यांपेक्षा जास्त विचारला जातो. बैलांची लघवी तपासता येईल का? यंत्राला घोडा काय, बैल काय, सारखेच. पण घोड्याच्या मर्यादा बैलाला लावता येत नाहीत. चार कप्प्यांचं पोट, चारा, हार्मोनं सगळंच निराळं. आधी काहीही न दिलेल्या शेकडो निरोगी बैलांचे नमुने घेऊन त्यांच्यात निसर्गतः काय आणि किती असतं ते मोजावं लागेल. कंटाळवाणं काम आहे, छापून यायलाही वर्षं लागतील. पण पशुवैद्यक महाविद्यालय नागपुरात आहे, बैल विदर्भात आहेत, आणि दरवर्षी रसायनशास्त्राची इतकी मुलं नोकरी शोधत पुण्याला जातात.