अपेक्षित निकाल आधी लिहावा

नाशिक,
विजयादशमी

चि. बाळ यास तुझ्या आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. सहकारी सोसायट्यांच्या कर्जखात्यांसाठी तुमच्या कंपनीने जी प्रणाली रचली आहे, तिच्या टेस्ट केस लिहून काढण्याचे काम तुझ्याकडे आले, आणि सोबतचे मित्र प्रोग्राम लिहीत असताना आपण मात्र एक्सेलचे रकाने भरीत बसलो, या विचाराने तू खिन्न झाला आहेस, असे त्यातील मजकुरावरून दिसते. सोसायट्यांची आणि बँकांची दप्तरे तपासण्यात जिची सारी नोकरी गेली, तिच्यापाशीच तू रकाने भरण्याविषयी तक्रार करावीस, हा योग मोठा मौजेचा खरा; पण तुझी खिन्नता अस्थानी आहे एवढे म्हणून भागणार नाही, ती का अस्थानी आहे हे सविस्तर सांगणे मला प्राप्त आहे.

सर्वांआधी एक गोष्ट मनात पक्की कर. टेस्ट केस हा प्रणाली चालवून पाहिल्याचा वृत्तान्त नव्हे. अमुक खातेदार, अमुक रक्कम आणि अमुक तारीख दिली असता नियमाप्रमाणे काय निकाल यावा, याची प्रणालीला हात लावण्यापूर्वीच केलेली ती लेखी नोंद होय. तू नमुन्यादाखल पाठविलेल्या पानावर 'अपेक्षित निकाल' या रकान्यात 'व्याजाची रक्कम बरोबर दिसावी' असे जागोजाग लिहिले आहेस. बरोबर म्हणजे किती? तो आकडा तू स्वतः कागदावर मांडलेला नसेल, तर पडद्यावर जो उमटेल तोच तुला बरोबर वाटू लागेल. कारण यंत्राने मांडलेल्या अंकांना एक प्रकारचा अधिकार प्राप्त होतो, आणि दिवसभराच्या श्रमानंतर त्या अधिकारापुढे मान तुकविणे मनुष्याला सोयीचे जाते. गोदेला पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याशी आहे की कमरेशी, यावरून सारे नाशिक पुराची इयत्ता ठरविते. ती मूर्ती पाण्याच्या आधीपासून तेथे उभी आहे म्हणूनच त्या मापावर विसंबता येते. तुझा अपेक्षित आकडाही तसाच आधीचा असला पाहिजे.

हा आकडा आणावयाचा कोठून? प्रोग्राम लिहिणाऱ्यास विचारून तो आणशील, तर त्याने नियमाचा जो अर्थ लावला तोच तुझ्या वहीत उतरेल, आणि चुकीची रुजुवात चुकीशीच होऊन दोन्ही बाजू जुळल्याचे समाधान तेवढे पदरात पडेल. तो मूळ आदेशातूनच आणला पाहिजे. उदाहरणादाखल २०१७ सालची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना घे. कारण कर्जखात्यांचा तपास शिकू पाहणाऱ्यास याहून समृद्ध विषय आपल्या राज्यात क्वचितच सापडेल. नियमित परतफेड करणाऱ्यांसाठी तीत असे कलम होते की, परतफेड केलेल्या पीककर्जाच्या २५ टक्के किंवा २५ हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम प्रोत्साहनपर द्यावी. मात्र ती १५ हजारांहून कमी नसावी, आणि मुळात परतफेडच १५ हजारांहून कमी असेल तर तेवढी सगळी रक्कम द्यावी. कलम दोन-तीन ओळींचे आहे, परंतु त्यात खातेदारांचे चार वर्ग दडलेले आहेत.

८० हजार फेडणाऱ्यास २० हजार मिळावयाचे. १ लाख २० हजार फेडणाऱ्याचे २५ टक्के ३० हजार होतात, म्हणून त्याला २५ हजारांवर थांबवावयाचे. एवढ्या दोन केस लिहून जो स्वस्थ बसला, त्याला किमान रकमेची अट प्रोग्राममध्ये मुळी लिहिलीच गेलेली नाही हे कधीही कळणार नाही. कारण ती अट वगळली तरी या दोन्ही ठिकाणी उत्तर बरोबरच येते. ४८ हजार फेडणारा खातेदार घेतला म्हणजे २५ टक्क्यांचे १२ हजार होतात आणि त्याला देय मात्र १५ हजार ठरतात; येथे ती उणीव उघडी पडते. आणि १२ हजार फेडणाऱ्यास १२ हजारच द्यावयाचे, १५ नव्हे, हा चौथा वर्ग तर घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटतो. आता या चार वर्गांच्या सीमा पाहा: १५ हजार, ६० हजार आणि १ लाख. यांपैकी पहिली सीमा कलमात लिहिलेली आहे. उरलेल्या दोन कलमात कोठेही नाहीत, त्या पेन्सिल घेऊन बसणाऱ्यालाच सापडतात. प्रत्येक सीमेवर एक रुपया कमी, बरोबर तेवढीच रक्कम, आणि एक रुपया अधिक अशा तीन केस लिही. ६०,००१ रुपयांवर २५ टक्के काढलेस की १५,००० रुपये आणि २५ पैसे येतात. ते पैसे ठेवावयाचे, सोडावयाचे की रुपयात पूर्ण करावयाचे, हा प्रश्न प्रणाली अस्तित्वात येण्यापूर्वीच तुझ्यापुढे उभा राहतो. असा प्रश्न वेळेवर उपस्थित करणे हेच तुझ्या कामाचे अर्धे फळ आहे.

त्याच योजनेत ३० जून २०१६ रोजी थकीत असलेल्या कर्जाला दीड लाखापर्यंत माफी होती, आणि त्याहून अधिक थकबाकी असणाऱ्याने वरची रक्कम भरल्यास त्याला दीड लाखाचा लाभ द्यावयाचा होता. 'पर्यंत' आणि 'पेक्षा कमी' यांतील भेद बोलताना लोपतो, प्रोग्राममध्ये मात्र एका चिन्हाने खातेदाराचा वर्ग पालटतो. म्हणून १,५०,००० आणि १,५०,००१ या दोन्ही रकमा, तशाच २९ जून, ३० जून आणि १ जुलै या तिन्ही तारखा तुझ्या वहीत आल्याच पाहिजेत. शिवाय मूळ आदेशानुसार ही मर्यादा एकेका इसमाला नसून कुटुंबाला होती. पती, पत्नी आणि १८ वर्षांखालील अपत्ये मिळून ते कुटुंब. पतीच्या नावे १ लाख आणि पत्नीच्या नावे ८० हजार थकले असतील, तर सुटी खाती तपासणाऱ्यास दोन्ही मर्यादेच्या आत दिसतील, कुटुंब धरणाऱ्यास ती ३० हजारांनी मर्यादेबाहेर गेलेली दिसतील. हा भेद दाखविणारी केस एकट्या खात्याच्या पानावर लिहिताच येत नाही. ती दोन खाती एकत्र ठेवल्यावरच जन्माला येते.

या शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष दे, कारण ऑक्टोबर २०१७ मध्ये दिवाळीच्या सुमारास प्रमाणपत्रे वाटली गेल्यानंतर जी गडबड उडाली, तिचे मर्म येथेच आहे. अर्ज ऑनलाइन आले होते, बँकांनीही आपल्या खातेदारांचा तपशील भरून दिला होता. परंतु दोन्हींची रुजुवात करू लागताच एकाच आधार क्रमांकापुढे अनेक शेतकऱ्यांची नावे असल्याचे प्रकार आढळले, आणि याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. आधारच्या बारा आकड्यांतील शेवटचा आकडा हा ताळ्याचा असतो. व्हर्होफ नावाच्या डच गणितज्ञाच्या रीतीने तो काढलेला असल्यामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर ते तत्काळ ध्यानात येते. पण तोच शुद्ध क्रमांक शंभर जणांपुढे लिहिला, तर ताळ्याचा आकडा शंभर वेळा निर्दोषच ठरेल. क्रमांक खरा आहे काय, हा एक प्रश्न. तो याच मनुष्याचा आहे काय, हा दुसरा. आणि तो अन्यत्र कोठे आला आहे काय, हा तिसरा. तिन्हींच्या केस वेगळ्या लिहाव्या लागतात. नावांचेही तसेच: सातबाऱ्यावर 'रामचंद्र', सोसायटीच्या खतावणीत 'रामू' आणि बँकेत रोमन लिपीतले काही तिसरेच, अशी त्रिविध ओळख आपल्या जिल्ह्यातील खेड्याखेड्यांत आढळते, आणि तिचा विचार नाशिकच्या मुलाने केला नाही तर कोण करणार?

आता तू म्हणशील की, अशा रीतीने लिहू लागल्यास वहीला अंत राहणार नाही. ते खरेच आहे. होय किंवा नाही अशा केवळ दहा अटी असल्या तरी त्यांच्या १,०२४ जोड्या होतात, आणि सगळ्या तपासावयाच्या म्हटल्या तर खरीप सरून रब्बी येईल. म्हणून आधी अटींचा एक तक्ता मांड, ज्या जोड्या संभवतच नाहीत त्यांवर काट मार, ज्यांचा निकाल सारखाच त्यांतून एक प्रतिनिधी घे, आणि उरलेल्यांचा क्रम खातेदाराच्या हानीवरून लाव. बटणाचा रंग चुकला तर कोणाचे कर्ज वाढत नाही. २९ फेब्रुवारी २०२४ ला दिलेल्या कर्जाची वर्षाची मुदत कोणत्या दिवशी संपते हे चुकले, तर नियमित खातेदार थकबाकीदार ठरून व्याजसवलतीला मुकतो. ज्या केस तू सोडल्यास त्याही कारणासह नोंदवून ठेव. न तपासलेले न तपासलेलेच म्हणून लिहिलेले असणे हा प्रामाणिक दप्तराचा पहिला गुण आहे.

लिहिण्याची रीत साधी ठेव. केसचा क्रमांक, आदेशातील ज्या कलमावरून ती निघाली त्याचा दाखला, पूर्वस्थिती, भरावयाचा तपशील, क्रमाने करावयाच्या पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल, तारीख, करणाऱ्याचे नाव आणि शेरा. कलमाचा दाखला कधीही वगळू नकोस; कारण उद्या कलम बदलले म्हणजे कोणत्या केस बाद झाल्या हे त्याच रकान्यावरून समजते, आणि ज्या कलमापुढे एकही केस नाही तेही त्यावरूनच उघड होते. पायऱ्या अशा लिही की, तू रजेवर असताना तुझ्या जागी आलेल्या नवख्याला कोणास न विचारता त्या करता याव्यात. आणि तपशील नेहमी कल्पित भर; खऱ्या शेतकऱ्याचे नाव, आधार किंवा खाते चाचणीच्या वहीत उतरविणे हा त्याच्या विश्वासाचा भंग आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर कोणत्याही सबबीवर त्याचे समर्थन करू नये.

जुनी वही नव्या कामाला जशीच्या तशी लावण्याचा मोह तुम्हा मंडळींना फार असतो. २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली, तेव्हा मर्यादा दीड लाखाची दोन लाख झाली, थकबाकीची तारीख ३० सप्टेंबर २०१९ झाली, दोन लाखांवर थकबाकी असणाऱ्यास वरची रक्कम भरून लाभ घेण्याची वाट राहिली नाही, आणि कुटुंबाऐवजी एकटा शेतकरी हे परिमाण ठरले. वर सांगितलेले पती-पत्नीचे उदाहरण येथे उलट निकाल देते. दोघेही स्वतंत्रपणे पात्र होतात. जुन्या केस चालविल्या आणि त्या उत्तीर्ण झाल्या, तर ते सुचिन्ह मानावयाचे नाही, प्रणालीत जुनाच नियम राहून गेल्याचा तो पुरावा समजावयाचा. युरोपातील एरियान ५ हा अग्निबाण ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झाला, त्याचे कारण हेच होते की एरियान ४ वर विश्वासार्ह ठरलेला प्रोग्रामचा भाग नव्या बाणावर तसाच ठेवला गेला, आणि नव्या मार्गावरील अधिक वेग मावेल एवढी जागा त्यातील एका संख्येला नव्हती. नव्या मार्गाचे आकडे घालून तो भाग आधी तपासला असता, तर दोष जमिनीवरच सापडला असता.

याच २०१९ च्या योजनेची एक गोष्ट मात्र अनुकरणीय होती. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिली यादी प्रसिद्ध झाली ती प्रत्येक जिल्ह्यातील दोन-दोन, अशा ६८ गावांपुरतीच. शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाच्या वेळी आपली रक्कम पाहावी, मान्य असल्यास तसे नोंदवावे, अमान्य असल्यास तक्रार करावी, अशी व्यवस्था होती. आधीच्या योजनेतही गावोगाव चावडीवाचन झाले होतेच. प्रणाली ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासमोर ती थोड्या गावांत आधी मांडणे हीसुद्धा चाचणीच आहे, आणि तिची योजना तुझ्या वहीत शेवटचे प्रकरण म्हणून असली पाहिजे. एखाद्या गटसचिवाला शेजारी बसवून त्याच्या हातून दहा खाती भरून घे. तुला जे सुचणार नाही ते तो सहज करून दाखवील.

दोष सापडला म्हणजे तो सांगताना विजयाचा सूर लावू नकोस. कोणता तपशील भरला, काय अपेक्षित होते, काय आले आणि कोणत्या कलमाशी ते विसंगत आहे, एवढे चार शब्दांत लिहिलेस की लिहिणाऱ्याशी वाद घालण्याचे कारणच उरत नाही. तोही तुझ्यासारखाच मुदतीच्या ओझ्याखाली असतो.

तेव्हा उद्यापासून असे कर: संगणक उघडण्यापूर्वी मूळ आदेश छापून घे, प्रत्येक कलमाला क्रमांक दे, ज्या कलमाचा अर्थ दोन प्रकारे लागतो त्याची शंका लिहून वरिष्ठांकडून लेखी उत्तर मागव, आणि मगच 'अपेक्षित निकाल' या रकान्यात आकडा मांड. 'बरोबर दिसावे' हे शब्द वहीतून समूळ काढून टाक. ही कारकुनी आहे असे कोणी म्हणाले तर म्हणू दे. ज्याच्या खात्यावर योग्य रक्कम योग्य दिवशी जमा होते तो शेतकरी तुझे नाव कधी ऐकणार नाही, आणि तुझे काम नीट झाल्याची याहून मोठी पावती नाही.

प्रकृतीस जपावे. वहीची सुधारलेली पाने तयार होताच मला दाखवून जा.

तुझी,
आत्या