शब्द कुठे लागतो?



घरात मूल तापाने फणफणले आहे. शेजारीण दारात उभी राहून म्हणते, "देव नदीत सोडलेत ना, आता भोगा!" हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. एका घरातील आई ते ऐकून चरकते आणि रात्री गुपचूप मुलावरून लिंबू उतरवून टाकते. दुसऱ्या घरातील आई म्हणते, "देव सोडले नाहीत त्यांच्याही घरी ताप आहेच की, मावशी," आणि मुलाला घेऊन दवाखान्याची वाट धरते.

शब्द तेच, बोलणारी तीच. भीती शब्दात असती तर ती दोघींना सारखीच वाटली असती. पहिलीच्या घरातला देव्हारा गेला, मनातला कोनाडा तसाच राहिला.

तथागतांनी स्पर्शातून वेदना व वेदनेतून तृष्णा असा क्रम सांगितला, पण त्या साखळीच्या मुळाशी अविद्या ठेवली. कानावर शब्द पडणे हा स्पर्श. तो सुखाचा होतो की दुःखाचा, हे आपण आधीपासून काय मानत आलो त्यावर पुष्कळसे ठरते.

संयुत्त निकायात अक्कोसक भारद्वाज या ब्राह्मणाची कथा आहे. राजगृहाच्या वेळुवनात येऊन त्याने बुद्धांना शिव्या दिल्या. बुद्धांनी विचारले, पाहुण्यांनी तुझे अन्न घेतले नाही तर ते कोणाचे? तो म्हणाला, माझेच. एवढा भाग सर्वांना ठाऊक असतो. पण तो चिडला कशाने, हे फारसे कोणी सांगत नाही. त्याला कोणी अपशब्द बोलले नव्हते. आपल्या गोत्रातला एक जण भिक्षू झाला, एवढीच वार्ता त्याच्या कानी आली होती. गोत्र मोठे मानणाऱ्याला साधी वार्ताही अपमान वाटली! (पुढे तो स्वतःच संघात आला, हे विशेष.)

आता आपल्याकडे वळू. "कितीही शिकलात तरी शेवटी तुम्ही तेच," हे वाक्य पदवीधरालाही झोंबते. बोलणाऱ्याचा उद्दामपणा संताप आणणारच. पण त्याखाली दुसरी एक कळ उठते का, ते तपासा. मागल्या जन्मीच्या पापाची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कानात ओतली गेली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांत नव्या जन्माची प्रतिज्ञा आहे, ती याचसाठी.

मात्र जातीवरून शिवी दिली तर "मी ती घेतली नाही" म्हणून घरी बसा, असा अर्थ कोणी काढू नये. 1927 साली महाडला आपली माणसे तळ्यावर गेली, ती अपमान पोटात घालायला नव्हे. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्या हाती आहे. लोकांसमक्ष केलेल्या जातीय अपमानाला त्यात शिक्षा आहे. तेव्हा कोण बोलले, कुठे, किती वाजता, समोर कोण होते, हे लिहून ठेवावे लागते. संतापाने थरथरणाऱ्याला नेमके हेच आठवत नाही.

मुलगी शाळेतून रडत आली तर "लक्ष देऊ नकोस" म्हणून तिला गप्प करू नका. कोण काय म्हणाले ते विचारा. मग "तुला ते खरे वाटते का?" हेही विचारा, आणि तिचे उत्तर येईपर्यंत थांबा. बोलणारे शिक्षक असतील, तर दुसऱ्या दिवशी आईवडील दोघांनी शाळेत जावे.