माळ्यावरचा सात इंची लॅपटॉप पुन्हा चालेल का?

प्रश्न : घराचा माळा आवरताना २००८ साली घेतलेला असुस कंपनीचा ‘ई पीसी ७०१’ हा छोटा लॅपटॉप सापडला. चार्जर लावला की दिवा लागतो, जुनं लिनक्स उघडतं, पण वेबसाइट एकही उघडत नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात देऊन टाका. माझे वडील याच्यावर मराठी टायपिंग शिकले, त्यामुळे टाकवत नाही. यावर नवी विंडोज किंवा दुसरं काही चालेल का? रॅम वाढवता येते का?
– एक वाचक, निर्मळ, वसई

उत्तर : भंगारात अजिबात देऊ नका. आपल्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांचा दमट पावसाळा इतकी वर्षं सोसूनही जे यंत्र चालू होतं, त्यात अजून बराच जीव आहे.

विंडोजचा विचार मात्र सोडा. विंडोज ११ फक्त ६४ बिटच्या प्रोसेसरसाठी निघाली आणि तुमच्या यंत्रातला सेलेरॉन एम ३२ बिटचा आहे. एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी वाऱ्यावर सोडलं, विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. उरतं लिनक्स आणि त्याची चुलत भावंडं. ती या यंत्राला शोभूनही दिसतात, कारण हे यंत्र जन्मालाच लिनक्स घेऊन आलं होतं.

या छोट्या लॅपटॉपांची कुळकथा आपल्याही जवळून जाते. निकोलस निग्रोपाँटे यांनी मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, त्यातून ‘एक्सओ’ नावाचं हिरवं-पांढरं यंत्र तयार झालं. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, भर उन्हात वाचता येणारा पडदा आणि फेडोरा लिनक्सवर बसवलेली ‘शुगर’ नावाची मुलांसाठीची मांडणी. किंमत शंभर डॉलरवर काही आली नाही, ती त्याच्या जवळजवळ दुप्पट झाली. भारतात या यंत्राचा पहिला प्रयोग २००७ साली झाला तो कर्जतजवळच्या खैरात धनगरवाड्यातल्या छोट्याशा मराठी शाळेत. एवढ्याशा यंत्रात पूर्ण संगणक मावतो हे एक्सओने दाखवलं आणि बड्या कंपन्या जाग्या झाल्या. त्याच वर्षाच्या शेवटी असुसचा ७०१ बाजारात आला. तुमच्या माळ्यावरच्या लॅपटॉपचं खैरातच्या मुलांच्या लॅपटॉपशी असं नातं आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

आता वेबसाइट का उघडत नाहीत ते पाहू. ब्राउझर आणि वेबसाइट कुलूपबंद भाषेत बोलतात. गेल्या पंधरा वर्षांत ती कुलपं बदलली आणि जुन्या ब्राउझरकडे नव्या किल्ल्या नाहीत. यंत्रात बिघाड नाही. यंत्राची तारीखही तपासा. माळ्यावर पडून राहिलेलं यंत्र बहुधा मागच्याच एखाद्या वर्षात अडकलेलं असतं, आणि तारीख चुकीची असली की नवी सिस्टिमसुद्धा सुरक्षित वेबसाइट नाकारते.

मूळ सिस्टिमच दुरुस्त करून वापरू म्हणाल, तर त्यात एक अडचण आहे. ७०१ च्या पोटात ४ जीबीची डिस्क आहे, तीही बोर्डावरच डाग देऊन बसवलेली. तिच्या निम्म्याहून जास्त भागावर मूळ झँड्रॉस लिनक्स कायमचं बसलेलं असतं आणि तो भाग बदलता येत नाही. नवे अपडेट त्याच्यावर थर चढवल्यासारखे उरलेल्या जागेत साठतात. जुनी फाइल हटवली तरी खालचा थर तसाच राहतो, म्हणून जागा मोकळी होतच नाही. या लॅपटॉपवर ‘डिस्क भरली’ ही तक्रार सतत यायची ती यामुळे.

म्हणून नवी सिस्टिम एसडी कार्डावर टाका. यंत्राच्या कडेला खाच आहे, तिच्यात १६ किंवा ३२ जीबीचं चांगल्या बनावटीचं कार्ड बसतं. यंत्र सुरू करताना एस्केप बटण दाबत राहिलं की कुठून सुरू व्हायचं ते विचारणारी यादी येते. वडिलांच्या फाइली आतल्या डिस्कवर असतील, तर त्यांना धक्काही लागणार नाही. कार्ड सारख्या लिहिण्याने झिजतं, तेव्हा रॅम कमी पडली की डिस्कवर लिहिणारा ‘स्वॅप’ बंद ठेवा आणि फाइल नुसती उघडली तरी वेळेची नोंद करणारी सवय ‘नोएटाइम’ लिहून थांबवा.

रॅम नक्की वाढवता येते, आणि खर्च करायचाच तर सगळ्यात आधी इथे करा. मूळ रॅम ५१२ एमबी. तळाचं छोटं झाकण उघडलं की एकच खाच दिसते. तिच्यात लॅपटॉपची डीडीआर २ रॅम बसते, २ जीबीपर्यंत. नवी बनत नाही, पण जुनी सहज मिळते. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जा, जुनी पट्टी खिशात न्या आणि तिच्याशी ताडून घ्या. सोनेरी टोकांवर हिरवट थर दिसला तर घेऊ नका. तुमच्या जुन्या पट्टीवर तसा थर असेल तर साध्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा. समुद्राजवळच्या घरांतली निम्मी ‘मेलेली’ यंत्रं एवढ्यानेच बोलू लागतात, असा माझा अनुभव आहे.

सिस्टिम कोणती? माझं उत्तर आहे अँटिएक्स. डेबियन या मोठ्या, जुन्या लिनक्सवरच ती उभी आहे, पण अंगाने अगदी सडपातळ. ३२ बिटचीच आवृत्ती घ्या. डेबियन थेटही टाकता येईल, पण आवृत्ती १२ ची. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटच्या जुन्या पीसीवर बसवण्याची सोय काढून टाकली आहे. डेबियन बसवताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ‘६८६’ हा निवडा, ‘६८६-पीएई’ नको. पीएई ही जास्त रॅम हाताळण्याची सोय आहे आणि या जातीचे सेलेरॉन ती आपल्याकडे असल्याचं सांगत नाहीत, म्हणून तो कर्नल सुरुवातीलाच अडून बसतो. वायफायची चिप अथेरॉसची आहे, लिनक्स तिला लगेच ओळखतं. फक्त घरच्या राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू ठेवा.

हौस असेल तर दुसऱ्या कार्डावर हायकू टाकून बघा. नव्वदच्या दशकातल्या बीओएसचा तो वारसदार, लिनक्सशी त्याचं नातं नाही. रोजच्या कामासाठी मी सुचवणार नाही, पण इतक्या जुन्या यंत्रावरही त्याच्या खिडक्या चटकन उघडतात, ते पाहण्यासारखं आहे. नेटबीएसडीही ३२ बिटची यंत्रं अजून सांभाळतं. कुणाकडे १९९०च्या दशकातला तोशिबा लिब्रेट्टो असेल, तर त्याला नेटबीएसडीच योग्य. त्याच्या ७० सीटी या मॉडेलची रॅम ३२ एमबीपलीकडे जातच नाही. त्याची डिस्क काढून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावणार असाल, तर कार्डाच्या शेवटी काही जागा कोरी सोडा. झोपी जाताना हे यंत्र आपली आठवण तिथे लिहून ठेवतं, आणि त्या जागी तुमच्या फाइली असल्या तर त्या पुसल्या जातात.

आता धोक्याचं. ७०१ चा चार्जर ९.५ व्होल्टचा आहे. याच घराण्यातल्या ९०१ चा १२ व्होल्टचा, आणखी पुढच्यांचा १९. पिन बसते म्हणून दुसरा लावू नका, तळाच्या लेबलवरचा आकडा वाचूनच घ्या. बॅटरी जराही फुगलेली दिसली तर काढून ठेवा, तिच्याशिवायही यंत्र नुसत्या चार्जरवर चालतं.

८०० बाय ४८० च्या पडद्यावर बऱ्याच खिडक्यांची ‘ओके’ बटणं खाली लपतात. ऑल्ट दाबून ठेवून खिडकी माउसने वर ओढा, ती दिसतील. आजच्या जड वेबसाइट आणि व्हिडिओ याच्याकडून होणार नाहीत. प्रोसेसर ९०० मेगाहर्ट्झचा, आणि असुसने तो ६३० वर चालवून दिला होता. लिहिणं, हिशेब, मेल, गाणी ऐकणं मात्र छान होतं.

आणि मराठी. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्सच्या कीबोर्डच्या यादीत देवनागरी इनस्क्रिप्ट आधीपासून असतो, फाँटासाठी ‘लोहित’ उतरवून घ्या. वडिलांना विचारा, ते कोणत्या पद्धतीने टाइप करायचे. इनस्क्रिप्ट असेल तर अक्षरांच्या जागा आजही त्याच आहेत : उजव्या हाताखाली क, त, च, ट आणि डाव्या हाताखाली मात्रा.